त्वचेच्या कॅन्सरचा सर्जन म्हणजे नेमका कोण, आणि तो चांगला आहे हे कसं ओळखावं?

वडिलांच्या तळपायाला काळा डाग आहे, गावातल्या डॉक्टरांनी कॅन्सर सर्जनकडे चिठ्ठी दिलीय आणि हा माणूस काय शिकलेला असतो, असं तुम्ही विचारलंय. मी हेच काम करतो, म्हणून लिहितोय.

शिक्षणाचं पटकन सांगतो. एमबीबीएस, मग जनरल सर्जरीत तीन वर्षं एमएस, त्यावर सर्जिकल ऑन्कॉलॉजीत तीन वर्षं एमसीएच. फक्त त्वचेचा कॅन्सर बघणारा सर्जन आपल्याकडे क्वचितच सापडेल. मीही तोंडाचे, स्तनाचे ऑपरेशन करतो, त्यात त्वचेचेही येतात.

एमएसला होतो तेव्हा लातूरकडच्या एक आज्जी आल्या. लुगड्याची गाठ बसते तिथेच कमरेला सुपारीएवढी जखम, दीड वर्ष मलमं लावून झालेली. ओपीडीत ही गर्दी, मी खरूज-गजकर्णाची क्रीम लिहून मोकळा. सरांनी त्यांना दारातून परत बोलावलं. "माय, नेसणं जरा सैल करा," म्हणाले आणि मला जखमेची कड बोटाने चाचपायला लावली. टणक, बाहेर उलटलेली. तुकडा तपासला तर स्क्वॅमस सेल कॅन्सर, त्वचेच्या कॅन्सरचा एक प्रकार. घट्ट धोतराने कमरेला होणारा असाच कॅन्सर टाटा हॉस्पिटलच्या डॉ. खानोलकरांनी १९४५ सालीच लिहून ठेवलाय. मी तो वाचलाही होता, परीक्षेपुरता. तेव्हापासून बोट लावल्याशिवाय मी चिठ्ठी लिहीत नाही.

आता वडिलांचं. आपल्याकडे मेलॅनोमा, म्हणजे बहुधा काळ्या डागासारखा दिसणारा त्वचेचा कॅन्सर, बरेचदा तळपायाला नाहीतर नखाखाली निघतो, आणि लोक भोवरी समजून ब्लेडने तासत बसतात. प्रत्येक काळा डाग कॅन्सर नसतो, पण ते तुकडा तपासल्यावरच कळतं. "सुई लागली की पसरतो" हे मी रोज ऐकतो. पसरत नाही. डाग लहान असेल तर अख्खा काढतात, मोठा असेल तर जाड भागाचा तुकडा घेतात. रिपोर्टमध्ये खोली मिलिमीटरमध्ये येते आणि किती कापायचं ते त्यावर ठरतं: १ मिमीपर्यंत असेल तर कडेने १ सेंमी, २ मिमीच्या वर गेली तर २ सेंमी. रिपोर्ट यायच्या आधीच मोठ्या ऑपरेशनची तारीख देणारा असेल तर दुसरीकडे दाखवा. पायाचा कॅन्सर पसरला तर आधी जांघेत जातो, म्हणून तिथे गाठ लागते का हे न चाचपणाराही मला पटत नाही.

आणखी एक बघा, तो कुणाशी बोलतो. पोरं दारात उभी राहून मला खुणा करतात, बापाला सांगू नका म्हणून. मी बापालाच सांगतो, खुर्ची जवळ ओढून, पेनाने पायावर रेघ काढून: इथून इथपर्यंत काढणार, मांडीची चामडी लावणार, काही आठवडे पाय टेकायचा नाही. बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "वेचणीला उभं राहता येईल का?" त्याचं उत्तर सर्जनकडे असायला हवं.

संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. महात्मा फुले योजनेत कॅन्सरची ऑपरेशनं बसतात, म्हणून रेशनकार्ड आणि आधार सोबत न्या. तोवर डाग तासू देऊ नका, आणि तिथे गेल्यावर दुसऱ्या पायाचीही चप्पल काढायला लावा.