डीलर म्हणतो ‘सहज ओढेल’, पण दारावरचं स्टिकर वाचलंत का?

तुमची पोस्ट वाचून आधी हसू आलं, मग पोटात गोळा. तीन रांगांची एसयूव्ही, ओढायची क्षमता 5,000 पौंड, 24 फुटी कॅम्पिंग ट्रेलर, कोरा म्हणजे रिकामा 3,700 पौंड, तुम्ही दोघं आणि दोन मुलं, न्यू जर्सीहून व्हर्जिनियातलं शेनँडोआ, आणि वर डीलरचं ‘सहज ओढेल’. सहा वर्षांपूर्वी आमचं अगदी हेच होतं. फरक इतकाच की तुम्ही निघायच्या आधी विचारताय, आम्ही परत आल्यावर विचारलं.

सेफ्टी चेन खालून फुली करून लावायच्या, ब्रेकअवेची (ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक लावणारी) केबल चेनला अडकवायची नाही, चाकांना ठोकळे लावल्याशिवाय हिच (गाडी आणि ट्रेलरचा सांधा) सोडायचा नाही, हे सगळं व्हिडिओंत सापडेल. ते लिहीत बसत नाही. मी फक्त वजनाबद्दल बोलणार आहे, कारण आमचा जीव तिथेच जाणार होता.

ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर एक स्टिकर असतं: माणसं आणि सामान मिळून अमुक पौंडांच्या वर जाऊ नये. हा तुमचा पेलोड. आमच्या गाडीचा 1,240 होता. डीलरच्या सेल्समनने 5,000 चा आकडा दहादा ऐकवला, या स्टिकरचं नाव एकदाही काढलं नाही. मीही कधी दार उघडून पाहिलं नाही. इंजिनियर माणूस, लाज वाटते सांगायला. ट्रेलरचा पुढचा दांडा हिचवर जेवढा भार टाकतो, म्हणजे टंग वेट, तोही याच 1,240 मध्ये धरायचा असतो. आणि तो भरलेल्या ट्रेलरच्या 10 ते 15 टक्के असावा लागतो, नाहीतर ट्रेलर डोलायला लागतो. कोऱ्या नव्हे, भरलेल्या! ब्रोशरमधल्या कोऱ्या वजनात पाणी नसतं, कुकर नसतो, चार दिवसांचा शिधा नसतो. पाणीच गॅलनला सव्वाआठ पौंडांच्या वर भरतं.

आता आमचा शहाणपणा ऐका. ‘कॅम्पग्राउंडचं पाणी कसं असेल कोण जाणे’ म्हणून घरूनच टाकी काठोकाठ भरली. ती टाकी ट्रेलरच्या आसाच्या मागे. मागच्या बंपरवर दोन इलेक्ट्रिक सायकली. खुर्च्या, तंबू, कोळशाची पोती, सगळं मागच्या कप्प्यात, कारण दार तिथे होतं.

आय-81 हायवेवर विंचेस्टरच्या पुढे एक लांब उतार लागला. मी ताशी 68 मैलांवर. डावीकडून एक मोठा ट्रक गेला आणि ट्रेलरचं शेपूट हललं. एकदा, मग जास्त, मग आरशात ट्रेलरची एक बाजू पूर्ण दिसायला लागली. बायकोने दाराची मूठ धरली होती, बोलत काहीच नव्हती. मी ब्रेकवर उभा राहिलो. हे साफ चूक. गाडी आवळते, मागचं धूड ढकलतच राहतं, आणि दोन्ही मिळून चाकूसारखं मिटतं. ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं, आणि ब्रेक कंट्रोलरची पट्टी हाताने दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावायचे. त्या दिवशी पट्टी माझ्या गुडघ्यापाशी होती, पण ती कशासाठी असते हे मला ठाऊक नव्हतं. पुढे चढ लागला म्हणून वाचलो. बाकी काही कर्तबगारी नाही.

पुढच्या एक्झिटला ट्रक स्टॉपवर कॅट स्केल, म्हणजे ट्रकांचा वजनकाटा होता. आधी सगळं जोडून, स्प्रिंग बार (हिचवरचा भार बाकी चाकांवर वाटणाऱ्या दांड्या) सैल करून वजन. मग ट्रेलर सोडून त्याच माणसांसकट नुसत्या गाडीचं. जोडून एकूण 10,200, नुसती गाडी 5,480, म्हणजे ट्रेलर 4,720. जोडलेला असताना गाडीच्या दोन आसांवर 5,780, म्हणजे टंग वेट फक्त 300. साडेसहा टक्केसुद्धा नाही.

आमच्या साताऱ्याकडच्या आजोबांना हे वजन न करता कळलं असतं. बैलगाडीत माल मागे जास्त झाला की गाडी ‘उलाळ’ होते, जू वर उचललं जातं. मी उलाळ गाडी हायवेवर पळवत होतो.

खरी मेख पुढे आहे. माणसं, सामान, हिचचं लोखंड मिळून गाडीत 840 पौंड होते. त्यात 300 मिळवले तर 1,140, म्हणजे कागदोपत्री ठीक! पण टंग वेट नीट 12 टक्के केला तर तो साधारण 570, आणि बेरीज 1,410. म्हणजे ट्रेलर डोलत होता म्हणून गाडी मर्यादेत होती. डोलणं थांबवलं की गाडी ओव्हरलोड. हे कळल्यावर मी त्या ट्रक स्टॉपवर बराच वेळ नुसता बसून राहिलो.

डीलरला फोन केला तर आधी ‘टायरची हवा बघा’, मग ‘सर्व्हिसची तारीख तीन आठवड्यांनी’, आणि शेवटी ‘आम्ही ट्रेलर विकतो, तुमच्या गाडीचं आम्हाला काय माहीत’. मग विकताना कसं माहीत होतं हो? वेट डिस्ट्रिब्यूशन हिचचे, म्हणजे त्या स्प्रिंग बारवाल्या हिचचे पैसे घेऊन त्यांनी तो रिकाम्या ट्रेलरवर बसवून दिला होता. त्याचं सेटिंग भरलेल्या वजनावर करायचं असतं. आणि मागे भरलेला माल कुठलाही हिच पुढे आणत नाही.

आम्ही पाणी सोडलं, सायकली घरी ठेवायला लागलो, वर्षभर 60 च्या खाली चालवलं, आणि मग पिकअप घेतला. तुम्हीही पिकअपच घ्या असं माझं म्हणणं नाही; छोटा ट्रेलर घ्या, ते स्वस्त पडेल. मी काही यातला तज्ज्ञ नाही, तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळं लिहिलं असेल तर तेच खरं. पण 24 फुटी घेऊ नका हे मात्र ठाम सांगतो.

जाता जाता: आय-95 ने गेलात तर बॉल्टिमोरच्या हार्बर आणि फोर्ट मॅकहेन्री बोगद्यांतून प्रोपेनच्या नेहमीच्या 20 पौंडी टाक्या नेता येत नाहीत. तिथला फ्रान्सिस स्कॉट की ब्रिज 2024 मध्ये पडल्यापासून तो पर्यायही नाही. शहराभोवतीच्या आय-695 चा पश्चिमेकडचा वळसा घ्या. जीपीएसच्या नादाने न्यूयॉर्कच्या पार्कवेवर शिरू नका, तिथे ट्रेलरला बंदी आहे. रिव्हर्स घेताना हात स्टिअरिंगच्या तळाशी धरा. ट्रेलर जिकडे न्यायचा तिकडे हात. आणि मागे उभं राहून खुणा करणाऱ्या बायकोवर ओरडू नका, हाही अनुभव.

सही करायच्या आधी दारावरच्या स्टिकरचा आकडा आणि तुम्हा चौघांचं वजन इथे टाका. बेरीज करून सांगतो.