घरासाठी ऑफिसचे पैसे: वाचकांचे प्रश्न

गेल्या काही आठवड्यांत सरकारी नोकरीतल्या वाचकांची बरीच पत्रं आली, बहुतेकांचं पहिलं घर आणि बहुतेकांचा घोळ एकच, ऑफिसकडून नक्की किती मिळतं. त्यातली चार घेतलीत.

प्रश्न : मी केंद्र सरकारच्या ऑफिसात लेव्हल 7 ला आहे, बेसिक 44,900. वय 31. फ्लॅट 58 लाखांचा बघितलाय. सिनियर म्हणतात एचबीए (घरासाठी सरकारकडून मिळणारं अग्रिम) घे, 25 लाख मिळतात. बँकवाला म्हणतो कशाला फायलींच्या नादी लागताय, आम्ही लगेच करून देतो. काय करू?

25 लाख ही वरची मर्यादा आहे हो, सगळ्यांना तेवढे मिळत नाहीत. 2017 च्या नियमांप्रमाणे 34 महिन्यांचं बेसिक, 25 लाख, घराची किंमत आणि तुमची परतफेडीची ऐपत यातलं जे सगळ्यात कमी तेवढंच मिळतं. तुमचं गणित 15,26,600 वर थांबतं. पूर्ण 25 लाख हवे असतील तर बेसिक साडेत्र्याहत्तर हजारांच्या वर लागतं, सिनियरांचं असेल म्हणून ते बिनधास्त सांगतायत. घराच्या किमतीलाही मर्यादा आहे, बेसिकच्या 139 पट आणि जास्तीत जास्त 1 कोटी, म्हणजे तुमच्यासाठी 62,41,100. 58 लाख त्यात बसतात.

पण म्हणून बँकवाल्याचं ऐकू नका. एचबीएचं व्याज सरळ असतं आणि वसुलीची पद्धत वेगळी आहे, आधी मुद्दल जास्तीत जास्त 180 हप्त्यांत कापतात आणि ते संपलं की व्याज 60 हप्त्यांत. 2022-23 चा दर 7.1 टक्के होता (चालू वर्षाचा दर अकाउंट्समध्ये विचारा), त्या दराने तुमच्या रकमेवर एकूण व्याज साधारण 8 लाख 17 हजार होतं. तेवढेच पैसे बँकेकडून साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षांसाठी घेतलेत तर व्याजच साडेसोळा लाख. दुप्पट! फाइल फिरवायचा कंटाळा एवढा महाग नसावा.

आता जे कोणी सांगत नाही ते. पहिली पंधरा वर्षं पगारातून महिना 8,481 कापले जातील, मस्त वाटेल, आणि मग व्याजाची वसुली सुरू झाली की हप्ता एकदम 13,600 च्या आसपास जाईल. तेव्हा तुम्ही 46 चे, मुलं कॉलेजात वगैरे. पगारही वाढलेला असेल म्हणून झेपेल, पण आत्ताच कुठेतरी लिहून ठेवा. चाळिशीनंतर एचबीए घेणाऱ्यांना वीस वर्षं नोकरीच उरलेली नसते, त्यांचा हप्ता मोठा बसतो आणि वसुलीचा काही भाग ग्रॅच्युइटीवर टाकावा लागतो, त्यामुळे लवकर घेणंच बरं.

उरलेल्या 43 लाखांसाठी बँक लागणारच. घर सरकारकडे, म्हणजे कागदावर राष्ट्रपतींच्या नावाने, गहाण राहतं, त्यामुळे बँकेला दुसरा चार्ज (सरकारच्या नंतरचा गहाणहक्क) मिळतो आणि त्यासाठी विभागप्रमुखांची एनओसी लागते. ती मंजुरीच्या वेळीच मागून घ्या, नंतर मागायला गेलात की चपला झिजतात. काही बँका दुसऱ्या चार्जला कां कू करतात, म्हणून टोकन द्यायच्या आधी बँकेला तोंडावर विचारा, आणि ऑफिसची मंजुरी हातात येईपर्यंत बिल्डरला मोठी रक्कम देऊ नका. बिल्डरची ऑफर रविवारी संपते म्हणे, पुढच्या रविवारी परत सुरू होते.

अजून एक, व्याज कापलं जातं शेवटी पण लागू होतं पहिल्या वर्षापासून, त्यामुळे जुनी कर पद्धत घेतली असेल तर त्या त्या वर्षी लागू झालेल्या व्याजाची वजावट 2 लाखांच्या मर्यादेत मागता येते. कितीतरी जण पंधरा वर्षं मागतच नाहीत. नव्या पद्धतीत स्वतः राहत्या घराला ही सूट नाही.

प्रश्न : नवरा-बायको दोघंही केंद्रात आहोत. एकालाच मिळतं ना?

आधी तसंच होतं. 2017 पासून दोघांनाही मिळतं, एकत्र घ्या किंवा वेगवेगळं. आधीच बँकेचं कर्ज चालू असेल तर ते फेडून एचबीएवर येण्याची सोयही तेव्हाच आली. नोकरी कायम झाली नसेल तर सलग 5 वर्षं सेवा लागते, दोघांचंही तपासा.

प्रश्न : मी राज्य सरकारकडे क्लार्क आहे, भाऊ पोलिसात. वरचे नियम आम्हाला लागू का?

नाही. राज्याचं घरबांधणी अग्रिम वेगळं, त्याचे शासन निर्णय वेगळे, आणि केंद्राचे आकडे घेऊन आस्थापना शाखेत भांडायला गेलात तर हसं होईल. राज्यात खरी अडचण पात्रतेची नसते, अनुदानाची असते. पात्र असूनही तरतूद येईपर्यंत थांबावं लागतं, म्हणून अर्ज आधी टाका आणि घर नंतर शोधा. भावाला डीजी लोन म्हणतात ती पोलिसांसाठीची घरकर्जाची योजना माहीत असेलच, त्याने घटकातल्या बाबूकडून यादी कुठपर्यंत आलीये ते विचारावं.

तोपर्यंत डाउन पेमेंटसाठी एनपीएस (पगारातून कापलं जाणारं पेन्शन खातं) बघा. 3 वर्षं झाली असतील तर स्वतः भरलेल्या रकमेच्या 25 टक्क्यांपर्यंत घरासाठी काढता येते (सरकारने भरलेला वाटा त्यात धरू नका). माझं मत विचाराल तर पेन्शनचे पैसे शेवटी काढावेत, आधी नाही.

प्रश्न : सरकारी बँकेत आहे. स्टाफ होम लोन स्वस्त मिळालं पण आता त्याच्यावर टॅक्स कापतायत. हे काय नवीन?

नवीन नाही, जुनंच आहे, फक्त तुमच्या स्लिपवर आता दिसलं. मालकाने कमी व्याजाने कर्ज दिलं की तो फायदा पगाराचाच भाग धरतात. एसबीआयचा 1 एप्रिलचा तशाच कर्जाचा दर घेतात, त्यातून तुमचं व्याज वजा करतात, आणि जो फरक येईल तो उत्पन्नात. बँक कर्मचाऱ्यांच्या संघटना याविरुद्ध सुप्रीम कोर्टापर्यंत गेल्या होत्या, मे 2024 मध्ये कोर्टाने नियम वैध ठरवला. पण टॅक्स फक्त फरकावर आहे, म्हणजे तीस टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असलात तरी फायद्यातला दोन तृतीयांशाहून जास्त भाग तुमच्याच खिशात राहतो, तेव्हा रागाच्या भरात कर्ज दुसरीकडे हलवू नका.