रुद्रवीणेच्या घरगुती बैठकीला पहिल्यांदाच जाताना काय सांभाळावं?

तुम्ही विचारलंय की वीस-पंचवीस जणांची, माइक नसलेली रुद्रवीणेची (दोन भोपळ्यांच्या, पडदे असलेल्या वीणेची) बैठक आहे, आजवर सतार तबल्यासोबतच ऐकलीय, आणि आलाप तासभर चालतो म्हटल्यावर कंटाळा तर येणार नाही ना.

आधी जागा बघा, निम्मं ऐकणं तिथेच ठरतं. बीनचा (जाणकार रुद्रवीणेला बीनच म्हणतात) आवाज खोल असतो, मोठा नसतो. समोर किंवा किंचित बाजूला, सहा ते दहा फुटांवर, वादकाचा डावा हात दिसेल असं बसा. तार छेडल्यावरचा टणत्कार विरू लागतो तेव्हा खरं काम सुरू होतं: त्याच पडद्यावर तार आडवी खेचून विरत्या नादातून पुढचे स्वर काढले जातात. ही मींड. पंख्याच्या घरघरीत नेमकं तेच बुडतं आणि मग 'वाजतंय कुठे?' असं वाटतं. म्हणून पंखा बंद ठेवायची विनंती यजमानांना आधीच करा, अजिबात संकोचू नका. एसी लावायचाच तर वाद्यं जुळवण्याआधी लावून खोली गार करून घ्यावी. मध्येच लावला की गारव्यानं पोलादी तारा आखडतात, सूर चढतो आणि वादकाला थांबून पुन्हा जुळवावं लागतं.

वीस मिनिटं आधी पोहोचा. तंबोरे लागताना ऐकणं हीच कानाची तयारी. जवारी (घोडीवरून तारेला मिळणारी गुंजन) नीट लागली की चार तारांचा मिळून एकच झंकार होतो. त्यातला षड्ज (सा) मनात धरून ठेवा, पुढचं सगळं त्याच्याभोवतीच आहे.

आलाप षड्जाजवळून निघून खाली मंद्रात (खालच्या सप्तकात) उतरतो आणि मग स्वर-स्वर करत वर चढतो. यात ताल नाही, पण खुणा आहेत. प्रत्येक टप्पा संपताना एक छोटा, ठेका असल्यासारखा तुकडा येतो, त्याला मोहरा म्हणतात. दोन-तीनदा ऐकलात की ओळखू येईल. मांडी बदलणं, खोकला, पाण्याचा घोट, सगळं मोहऱ्यावर उरका. एवढं जमलं की तासाचे आपोआप लहान-लहान तुकडे पडतात, आणि कंटाळ्यावर मला तरी याहून चांगला उपाय माहीत नाही. पुढे 'जोड' या भागात लय येते, त्यानंतरच्या 'झाला' या जलद भागात चिकारीच्या (बाजूच्या, उंच सुराच्या) तारा खणखणतात, शेवटी पखवाजाची साथ. बहुधा बारा मात्रांचा चौताल किंवा चौदांचा धमार. मध्येच निघायचंच असेल तर पखवाज जुळत असताना निघा.

डोळे मात्र लगेच मिटू नका. तार किती खेचली हे दिसलं की स्वर कुठे निघालाय ते कानाला आधी कळतं.

फोन व्हायब्रेटवर नको, फरशीवर तो केवढा तरी वाजतो, बंदच करा. खोकला असेल तर खडीसाखर खिशात सुटी ठेवा, कागद उलगडायचा आवाज अख्ख्या खोलीला ऐकू जातो. गुडघे दुखत असतील तर भिंतीकडेची जागा किंवा मागे खुर्ची आधीच मागून घ्या. वादकाकडे पाय करू नका. ध्वनिमुद्रण विचारल्याशिवाय नाही.

हे वाद्य आपल्यापासून लांबचंही नाही. रुद्रवीणावादक झिया मोहिउद्दीन डागर (१९२९–१९९०) यांनी बीनचे भोपळे आणि दांडी मोठी करून घेतली ती अशाच संथ आलापासाठी. त्यांचं गुरुकुल पनवेलजवळ पळस्प्याला आहे.