वाचक विचारतात : इंजिनिअरचं पद रद्द करायचं म्हणतात, मी काय सांगू?

प्रश्न : आमच्या संस्थेचं सामुदायिक रेडिओ केंद्र आहे. तालुक्याचं गाव, ५० वॉटचा ट्रान्समीटर, आवारातच टॉवर. मी केंद्राची समन्वयक. आमचे इंजिनिअर मार्चमध्ये नोकरी सोडून गेले. कार्यकारिणीचं म्हणणं असं, की पद आता भरायचंच नाही. त्यांच्या पगाराचे महिना २२ हजार वाचतील. शहरातल्या एका कंपनीशी वार्षिक करार करू, बिघाड झाला की त्यांचा माणूस येईल. मशीन पाच वर्षांत दोनदाच बंद पडलंय. एक सदस्य तर म्हणाले, अमेरिकेत रेडिओ केंद्रं माणसांशिवाय चालतात. मी विज्ञान शाखेची नाही, त्यामुळे बैठकीत गप्प बसले. पुढच्या बैठकीत काय बोलू?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, 'पाच वर्षांत दोनदाच बंद पडलं' या तुमच्या वाक्यापाशी मी थांबले. कार्यकारिणीला त्यात मशीनची तब्येत दिसते. मला त्यात तुमच्या इंजिनिअरचं काम दिसतं.

मी आकाशवाणीत ३१ वर्षं काढली, त्यातली बरीचशी मध्यम लहरींच्या ट्रान्समीटरवर. आमचं काम काय, तर दर तासाला मीटर बघायचे आणि लॉगबुकात आकडे लिहायचे. रात्रीच्या शेवटच्या सभेपर्यंत, म्हणजे प्रसारणाच्या सत्रापर्यंत, तेच आकडे. पहिल्या वर्षी मला हे अगदी निरर्थक वाटायचं. मग एका पहाटे एक आकडा लिहिताना हात आपोआप थांबला. फरक अगदी थोडा होता, मशीन व्यवस्थित चालू होतं, पण रोज लिहून लिहून हाताला नेहमीचा आकडा पाठ झाला होता. दिवस उजाडल्यावर तपासलं तर एक जोड तापून काळा पडायला लागला होता. अजून दोन दिवसांनी केंद्र बंद पडलं असतं. त्या दिवसापासून लॉगबुकाबद्दल मी कधी तक्रार केली नाही.

निवृत्तीनंतरची एक गोष्ट सांगते, तीच तुम्ही बैठकीत सांगा. तुमच्यासारख्याच एका केंद्रावर इंजिनिअर नव्हता, वार्षिक करार होता. ऑगस्टमध्ये मला तिथे वेगळ्याच कामासाठी, मुलींना रेकॉर्डिंग शिकवायला बोलावलं होतं. चहाच्या वेळी कळलं, की श्रोत्यांचे फोन फार कमी झालेत. कार्यक्रम करणाऱ्यांनी दोष स्वतःकडे घेतला होता. बायकांच्या कार्यक्रमाची वेळ बदलली, शेतीचा कार्यक्रम छोटा केला. जात्यावरच्या ओव्या म्हणणाऱ्या एका आजींना वाटलं, लोकांना आपलं गाणं नकोसं झालं, आणि त्यांनी यायचंच सोडलं.

मी ट्रान्समीटरची खोली उघडायला सांगितली. किल्ली शोधण्यात पंधरा मिनिटं गेली. आत पडद्यावर आकडा होता १२ वॉट. ५० वॉटचं मशीन १२ वॉटवर चालत होतं. कारण साधं होतं. टॉवरवर अँटेनाला जिथे केबल जोडतात, त्या कनेक्टरवरची टेप सुटली होती आणि आत पावसाचं पाणी शिरलं होतं. अशा वेळी पाठवलेली शक्ती अँटेनातून बाहेर न पडता मागे फिरते. त्याला आम्ही रिफ्लेक्टेड पॉवर म्हणतो. ती वाढली की आजकालचे ट्रान्समीटर जळू नये म्हणून स्वतःच आपली शक्ती कमी करतात. मशीनने स्वतःला वाचवलं आणि ते इमानदारीने चालत राहिलं. शक्ती चौथाई झाली की सिग्नलची तीव्रता निम्मी होते. गावात ऐकू येत होतं. टेकडीपलीकडच्या गावांत नुसती खरखर.

स्टुडिओतल्या कुणालाच हे का कळलं नाही? कारण स्टुडिओतला रेडिओ टॉवरपासून वीस-पंचवीस मीटरवर होता. तिथे १२ वॉटच काय, एक वॉटही खणखणीत लागतो. केंद्र स्वतःचा आवाज कधीच नीट तपासू शकत नाही, हे मी प्रत्येक ठिकाणी सांगते. हे कधीपासून चाललं होतं, तेही कुणाला सांगता येईना, कारण लॉगबुक नव्हतं. शेवटी एका निवेदिकेने ठेवलेल्या फोनच्या वहीतून कळलं. टेकडीपलीकडच्या दोन गावांचा शेवटचा फोन जूनच्या तिसऱ्या आठवड्यातला होता.

कराराच्या कंपनीचा यात दोष नव्हता. करार होता बिघाड झाल्यावर येण्याचा. केंद्र चालू होतं, मग त्यांना बोलावणार कोण? तुमच्या कार्यकारिणीच्या हिशेबात नेमकी हीच गोष्ट राहून गेली आहे. रेडिओचे बहुतेक बिघाड हळूहळू येतात. अर्थिंग सुकतं, पंख्याच्या जाळीत धूळ साठते, पाल आत शिरते, केबलला चीर जाते. ते रोज बघणाऱ्यालाच दिसतात.

अमेरिकेचं म्हणाल, तर सदस्यांनी अर्धीच गोष्ट सांगितली. तिथे १९९५ पासून ट्रान्समीटरजवळ माणूस न ठेवता प्रक्षेपण करता येतं, हे खरं. पण प्रत्येक केंद्राने एक मुख्य ऑपरेटर नेमलाच पाहिजे, असा नियम आजही आहे. मध्यम लहरींच्या १० किलोवॉटपेक्षा मोठ्या किंवा ठरावीक दिशांनाच जास्त लहरी पाठवणाऱ्या अँटेनाच्या केंद्रांवर तो केंद्राचा नोकरच लागतो. बाकीच्यांना तो करारावर चालतो, पण तसा लेखी करार हवा. आणि त्या माणसाने आठवड्यातून निदान एकदा नोंदी तपासायच्या असतात. खोलीत माणूस नसेल, पण जबाबदार माणूस तिथेही असतो.

आता माझं स्पष्ट मत. ५० वॉटच्या केंद्राला पूर्णवेळ इंजिनिअर लागतोच असं नाही. त्याच्याकडे रोज अर्ध्या तासाचंच खरं काम असतं, आणि उरलेल्या वेळात त्याला प्रिंटर दुरुस्तीला लावलं जातं, हे मी पाहिलंय. कार्यकारिणीला पैसा वाचवायचा असेल तर आसपासच्या दोन-तीन केंद्रांनी मिळून एक इंजिनिअर ठेवावा, आठवड्याचे वार वाटून घ्यावेत. हे मला सगळ्यांत योग्य वाटतं. ते जमत नसेल तर करार करा, पण 'बिघाड झाल्यावर येऊ' असा करार करू नका. दर तीन महिन्यांनी भेट, त्यातली एक मे महिन्यात पावसाआधी आणि एक दसऱ्यानंतर, हे कागदावर हवं. येणारा माणूस शक्यतो एकच असावा. त्याने अँटेना आणि केबल स्वतःच्या मीटरने तपासून आकडे तुमच्या वहीत लिहावेत, खाली सही करावी. केबल बदलली तर कोणती घातली तेही लिहून घ्या. अर्ध्या इंची जाड केबलच्या जागी बाजारात सहज मिळणारी आरजी-२१३ घातली, तर ४० मीटरमध्ये जवळपास निम्मी शक्ती केबलमध्येच जाते. दिसायला दोन्ही काळ्याच.

आणि केंद्रातलं एक माणूस ठरवा. तुम्हीच का नाही? विज्ञान शाखा लागत नाही. रोज सकाळी सभा सुरू झाल्यावर त्या खोलीत जायचं आणि तीन आकडे लिहायचे : किती वॉट जातात, किती परत येतात, मशीनचं तापमान किती. ५० जातात आणि २ पर्यंत परत येतात, तोवर काळजी नको. ३ झाले की रोज दोनदा बघा. ५ झाले की वाट न बघता माणूस बोलवा. आठवड्याला पंख्याची जाळी साफ करा. केबल भिंतीतून आत येण्याआधी बाहेर तिला खाली झोळ आहे ना, हे पावसाआधी बघा, म्हणजे पाणी झोळाच्या तळातून गळून जातं, आत येत नाही.

महिन्यातून एकदा साधा खिशातला रेडिओ घेऊन बाहेर पडा. ठरलेल्या पाच जागा असू द्या. एसटी स्टँड, दूध संकलन केंद्र, टेकडीपलीकडची शाळा, असं काहीही. नेहमी त्याच जागा, तोच सेट. कुठे कसं लागतं ते लिहा. इतकी स्वस्त आणि इतकी खरी तपासणी दुसरी नाही.

एक गोष्ट मात्र कुणालाही करू देऊ नका. 'ऐकू येत नाही' म्हणून ट्रान्समीटरमधला स्क्रू फिरवून शक्ती वाढवणं. परवाना संस्थेच्या नावावर आहे, उत्तर संस्थेला द्यावं लागेल. शिवाय एफएमचा पट्टा १०८ मेगाहर्ट्झला संपतो आणि तिथूनच विमानांच्या मार्गदर्शनाचा पट्टा सुरू होतो. बिघडलेला किंवा वेडावाकडा छेडलेला ट्रान्समीटर आपली जागा सोडून तिकडे कचरा टाकू शकतो.

पैशाचा मुद्दा निघाला की एवढं सांगा : सामुदायिक केंद्रांना तासाला ७ ऐवजी १२ मिनिटं जाहिरातीची मुभा २०२४ मध्ये मिळाली. पण जाहिरात देणारा दुकानदार टेकडीपलीकडच्या गिऱ्हाइकासाठीच पैसे देतो.

त्या आजी, विचाराल म्हणून सांगते, परत आल्या. त्यांना आणायला निवेदिका स्वतः घरी गेली होती.

प्रश्न : माझा मुलगा वीस वर्षांचा आहे. एका रेडिओ केंद्रावर कार्यक्रमांचं रेकॉर्डिंग आणि संकलन करतो. तिथे इंजिनिअर नाही. अँटेना हलली म्हणून त्याला दोनदा टॉवरवर चढवलं. तो म्हणतो, 'आई, काही होत नाही.' मला झोप लागत नाही.
– एक आई

उत्तर : ताई, तुमचं पत्र आलं त्याच दिवशी मी तुम्हाला फोन केला होता. इथे लिहिते ते इतर आयांसाठी आणि इतर मुलांसाठी.

त्याने चढायचं नाही. टॉवरवर चढणं हे वेगळं, शिकून करायचं काम आहे. अंगभर पट्ट्यांचा हार्नेस लागतो आणि त्याला दोन हुक, म्हणजे एक सोडताना दुसरा अडकलेला राहतो. खाली एक जाणकार माणूस उभा लागतो. ट्रान्समीटर नुसता बंद करून भागत नाही. त्याच्या मेन स्विचला कुलूप लावून किल्ली चढणाऱ्याच्या खिशात असावी लागते, नाहीतर खाली कुणीतरी सभेची वेळ झाली म्हणून बटण दाबतं आणि चालू अँटेनाला हात लागून वर भाजतं. ओल्या लोखंडावर, वाऱ्यात, आभाळ गडगडत असताना तर कुणीच चढायचं नाही. माझ्या नोकरीत मी एक माणूस बारा मीटरवरून पडताना पाहिला आहे. त्याबद्दल मी जास्त लिहू शकत नाही.

मुलाने केंद्राला चार ओळींचं पत्र द्यावं : मी या कामासाठी प्रशिक्षित नाही, चढणार नाही. तोंडी सांगू नये.

नंतर तुम्ही कळवलंत, की त्याने तसं पत्र दिलं आणि केंद्राने टॉवरचं काम करणारा माणूस बोलावला. एक सैल क्लॅम्प होता. तो बदलायला त्या माणसाला चाळीस मिनिटं लागली.