सॅन होजेला येतोयस म्हणून: दोन बिअर, एक केस आणि १० वर्षांचा इन्शुरन्स

तू विचारलंयस की जानेवारीत कंपनीकडून कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेला येतोय, टीममधले सांगतायत दोन-तीन बिअर घेऊन गाडी चालवली तर काही होत नाही, पकडलंच तर पहिल्या वेळी दंड भरून सुटतो आणि इन्शुरन्स थोडाफार वाढतो, हे खरंय का. माझ्या धाकट्या भावाच्या वयाचा आहेस म्हणून तूच म्हणते, आणि जरा लांबलचक लिहिते कारण हे सगळं आमच्या घरात झालंय.

माझा मावसभाऊ २०१९ ला आमच्याकडे सॅन होजेजवळच्या सनीवेलला राहत होता. शुक्रवारी माउंटन व्ह्यूच्या कास्ट्रो स्ट्रीटवर टीम डिनर, तिथून आमचं घर गाडीने दहा मिनिटं, एवढंसं तर जायचंय म्हणून निघाला आणि एल कमीनो रस्त्यावर पोलिसांनी थांबवलं. त्याला वाटत होतं की तो अगदी ठीक आहे, मशीनने तसं सांगितलं नाही. रक्तातल्या दारूची इथली मर्यादा ०.०८ टक्के, म्हणजे १०० मिली रक्तात ८० मिलिग्रॅम. आपल्याकडे ३० आहे, त्यामुळे नवीन आलेल्या लोकांना वाटतं इथे बरीच सूट आहे, पण ०.०८ च्या खाली असलास आणि गाडी नीट चालवता येत नव्हती असं दिसलं तरी केस होते.

लायसन्स पोलिसांनी तिथेच काढून घेतलं आणि ३० दिवसांचा तात्पुरता कागद दिला. डीएमव्हीकडे (म्हणजे इथलं आरटीओ) सुनावणी मागायला १० दिवस असतात, ते आम्हाला कळेपर्यंत निम्मे गेले होते. मग चार महिने लायसन्स निलंबित, कोर्टाचा मूळ दंड ३९० डॉलरपासून सुरू होतो पण त्यावर इतके अधिभार चढतात की आम्ही दोनेक हजार भरले, वकील वेगळा, दारू पिऊन चालवणाऱ्यांना सक्तीचा तीन महिन्यांचा क्लास वेगळा. हे सगळं मिळून वर्षभरात आटपलं. इन्शुरन्स मात्र आजही चालूच आहे.

त्याचं कारण नीट समजून घे. कॅलिफोर्नियात १९८८ साली लोकांनी मतदान करून प्रपोझिशन १०३ आणलं, त्यानुसार गाडीचा प्रीमियम ठरवताना सगळ्यात आधी तुझा ड्रायव्हिंग रेकॉर्ड, मग वर्षाला किती मैल चालवतोस आणि मग किती वर्षांचा अनुभव, हे बघावं लागतं. रेकॉर्ड चांगला असेल तर गुड ड्रायव्हर डिस्काउंट कमीत कमी २० टक्के, तो कंपनीला द्यावाच लागतो. आणि दारू पिऊन गाडी चालवल्याची शिक्षा झाली की हा डिस्काउंट १० वर्षं मिळत नाही. तीन नाही, पाच नाही, १०! शिवाय त्या गुन्ह्याचा भार प्रीमियमवर चढतो तो वेगळाच. भावाच्या कंपनीने पॉलिसी रिन्यूच केली नाही, दुसरी मिळाली ती आधीच्या अडीचपट. मध्ये त्याचं लग्न झालं, बाळ झालं, आठ महिन्यांच्या लेकीसाठी मोठी गाडी घेतली, तरी नवीन पॉलिसीचा कोट (किती प्रीमियम पडेल ते) काढायला बसलं की तीच २०१९ ची तारीख भरावी लागते, २०२९ पर्यंत भरावी लागणार.

लायसन्स परत हवं तर एसआर-२२ लागतो. हा वेगळा इन्शुरन्स नाही, तुझी पॉलिसी चालू आहे याची हमी कंपनी डीएमव्हीला कळवते, एवढंच. फाइल करायची फी किरकोळ असते पण तीन वर्षं एक दिवसही खंड चालत नाही, आणि बऱ्याच कंपन्या ती भानगड नको म्हणून अशा माणसाला घेतच नाहीत. गाडी विकून टाकलीस तरी सुटका नाही, स्वतःची गाडी नसलेल्यांसाठीची नॉन-ओनर पॉलिसी घ्यावी लागते. भावाचं क्रेडिट कार्ड बदललं, ऑटोपे फेल झाला, त्याच्या लक्षात आलं नाही, पॉलिसी बंद पडली, कंपनीने डीएमव्हीला कळवलं आणि लायसन्स पुन्हा निलंबित. एका हप्त्यासाठी.

आणि मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट सांगते. इथे घरात लायसन्स असलेलं जे कोणी राहतं त्यांची नावं कंपनीला सांगावी लागतात. आमच्या एजंटने सांगितलं, याला पॉलिसीत धरलं तर तुमचा प्रीमियम चढेल, नाहीतर हा आमची गाडी चालवणार नाही असं लेखी द्या. आम्ही दिलं. एकदा नवरा ऑफिसच्या कामाने बाहेरगावी, मला १०३ ताप, भाऊ समोर उभा, दारात गाडी, आणि तो औषधाच्या दुकानापर्यंत जाऊ शकत नव्हता कारण काही झालं असतं तर कंपनीने एक डॉलरसुद्धा दिला नसता. त्याचा तेव्हाचा चेहरा मी विसरलेली नाही.

कंपनी बदलून किंवा न सांगून भागेल असं समजू नकोस, सगळ्या कंपन्या डीएमव्हीचा रेकॉर्ड काढतात, आणि लपवलंस तर क्लेमच्या वेळी अख्खी पॉलिसी रद्द करू शकतात. टेक्सासला गेलास तरी राज्यं एकमेकांना कळवतात. कोणीच घेत नसेल तर असाइन्ड रिस्क प्लॅन आहे, तिथे एखाद्या कंपनीला घ्यावंच लागतं, पण पैसे जास्तच.

अपघात झाला तर समोरच्याचं नुकसान तुझी लायबिलिटी भरते, पॉलिसीच्या मर्यादेपर्यंत. पण दारूच्या केसमध्ये कोर्ट शिक्षा म्हणून वेगळी भरपाई लावू शकतं, ती कॅलिफोर्नियात इन्शुरन्सला भरता येत नाही, स्वतःच्या खिशातून. तू पुण्यातला फ्लॅट विकून भरणार का?

तू व्हिसावर येतोयस म्हणून हेही. नोव्हेंबर २०१५ पासून दारू पिऊन चालवल्याबद्दल नुसती अटक झाली, शिक्षा झालेली नसली तरी व्हिसाचा स्टॅम्प रद्द होऊ शकतो. इथली नोकरी लगेच जात नाही, पण बाहेर गेलास तर परत यायला नवीन स्टॅम्प लागतो आणि त्यासाठी मुंबईत अमेरिकन वकिलातीने नेमलेल्या डॉक्टरकडे पाठवतात. भाऊ या भीतीने तीन दिवाळ्या घरी गेला नाही, मावशी फोनवर विचारायची आणि आम्ही कामाचं कारण सांगायचो.

गांजा इथे कायदेशीर आहे म्हणून तो ओढून चालवलं तर चालेल असंही काही जण सांगतील. नाही चालत, कलम तेच.

आता करायचं काय. शुक्रवारी गाडी घरीच ठेव. सनीवेलचा मर्फी अ‍ॅव्हेन्यू काय किंवा कास्ट्रो स्ट्रीट काय, दोन्ही कॅलट्रेनच्या (इथली लोकल) स्टेशनला लागून आहेत, उशीर झाला तर उबर. गाडी नेलीच असेल आणि प्यायलास तर तिथेच सोड, पार्किंगचं तिकीट लागलं तर लागू दे. पार्टीनंतर उरलेली उघडी बाटली डिकीत ठेवायची, सीटजवळ नाही, शेजारी बसलेल्याच्या हातातसुद्धा नाही.

इन्शुरन्स घेताना कायद्याचं किमान कव्हर घेऊन थांबू नकोस. १ जानेवारी २०२५ पासून ते एका माणसाच्या इजेला ३०,०००, एका अपघाताला ६०,००० आणि मालमत्तेला १५,००० डॉलर झालंय, पण इथल्या हॉस्पिटलच्या बिलापुढे ते काहीच नाही. १००/३०० चा, म्हणजे एका माणसाला एक लाख आणि एका अपघाताला तीन लाख डॉलरचा कोट काढ, अनइन्शुअर्ड मोटरिस्ट (समोरच्याकडे इन्शुरन्सच नसेल तेव्हा कामी येणारं कव्हर) नक्की घे. पहिल्या वर्षी रक्कम बघून धक्का बसेल, नवीन माणसाला जास्तच पडते. इथे राहायला आल्यावर १० दिवसांत लायसन्ससाठी अर्ज करायचा असतो तो लांबवू नकोस, आणि कोट हातात आले की आकडे इथेच टाक, कुठे काय कमी करता येईल ते मी बघून सांगते.