दुसरीतल्या मुलाला चित्रांच्या गमतीशीर रहस्यकथा दिल्या, तर तो वाचायचं सोडून नुसती चित्रंच बघत बसेल का?

बघू द्या की! या गोष्टींत पुरावा चित्रातच असतो.

परभणी जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत मी पहिली-दुसरीला शिकवते. एकदा हुरड्याच्या दिवसांत ड्रॉइंग शीट दुमडून १२ पानांचं पुस्तक केलं. त्यातल्या गोष्टीत आगटीजवळची कणसांची टोपली रिकामी होते आणि गाढव तपासाला निघतं. आजोबांवर संशय घेतं, कुत्र्यावर घेतं, बुजगावण्याला दरडावून विचारतं. शेळी दर चित्रात त्याच्या पाठीमागंच. तिसऱ्या पानावर तिच्या दाढीला दाणे चिकटलेले. मजकुरात त्याबद्दल एक शब्द नाही.

जोडाक्षर आलं की गप्प होणारं एक लेकरू तिथंच ओरडलं, "मॅडम, शेळीनंच खाल्लंय!" बाकीच्यांना पटेना. मग पठ्ठ्या पटवून द्यायला पहिल्या पानापासून मोठ्यानं वाचू लागला. 'ज्वारीच्या'पाशी अडला, टोपलीच्या चित्राकडं पाहिलं, पुन्हा शब्दाकडं पाहिलं आणि बरोबर वाचलं.

त्याच आठवड्यात तपासणीला एक साहेब आले. त्यांनी तेच चित्र तळहातानं झाकलं. "आता वाच." लेकरू गप्प. "चित्र बघून ठोकतोय, वाचत नाही," हे सगळ्या वर्गासमोर. मी तेव्हा बोलले नाही, ते अजून सलतंय. नुसतं चित्र बघून कुणीही 'कणसं' म्हणेल. माझं लेकरू 'ज्वारीच्या' म्हणालं, कारण समोर 'ज्वा' लिहिलेलं होतं. अंदाज बांधला तरी तो अक्षरांशी ताडून बघायचा, हे वाचायला शिकणंच आहे साहेब! आणि गाढवाला जे दिसत नाही ते आपल्याला दिसलं, या आनंदापायी त्यानं ते पुस्तक किती वेळा वाचलं!

तर चित्र झाकू नका, चोर सांगू नका, गाढव चुकलं की पोटभर हसू द्या. 'स्टोरीवीव्हर' या वेबसाइटवर मराठी गोष्टी फुकट आहेत. दुसऱ्या पातळीच्या, २५० ते ६०० शब्दांच्या घ्या. त्यात रहस्याची गोष्ट हुडकावी लागेल. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय, पण ते जरा मोठं झाल्यावर. भुताखेतांच्या आणि खुनाच्या गोष्टी या वयात नकोतच.

एक राहिलं. अक्षरओळखच कच्ची असेल तर चित्रं एकटी काही करणार नाहीत. आधी तुम्ही शब्दाखाली बोट फिरवत वाचून दाखवा, चोर मात्र त्यालाच पकडू द्या.