इतक्या दमट मुंबईत माणसं राहायला का आली?

प्रिय सई,

काल फोनवर तू वैतागून विचारलंस, "बाबा, लालबागला आजीकडे कपडे वाळत नाहीत, चिवडासुद्धा सादळतो. मग एवढी माणसं इथे राहायला आलीच कशाला?" फोनवर घाईत उत्तर दिलं असतं तर अर्धवट राहिलं असतं, म्हणून लिहितोय.

ज्या हवेत चिवडा सादळतो, त्याच हवेत सूत चांगलं निघतं. कोरड्या हवेत कापसाचा धागा ताण बसला की तुटतो, दमट हवेत टिकतो. बंदरात कापूस यायचा, व्यापाऱ्यांच्या गाठीला पैसा होता, त्यात हवेचीही साथ मिळाली. ताडदेवला कावसजी दावरांची सूतगिरणी 1856 मध्ये सुरू झाली आणि पुढे लालबाग-परळ गिरण्यांनी भरून गेलं.

तुझे पणजोबा मूळचे माणचे. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. ढग घाट चढतानाच रिते होतात, माणच्या वाट्याला जेमतेम पाचशे येतो आणि एखाद्या साली तोही दगा देतो. बाजरी हातची गेली की घरातला एक जण मुंबई गाठायचा. पणजोबा तसेच आले. गाववाल्यांबरोबर एका खोलीत दाटीवाटीने राहिले, खानावळीत जेवले, पगार झाला की मनीऑर्डर करत राहिले. उकाडा त्यांनाही होत असणारच, पण गिरणीचा भोंगा रोज वाजत होता. पावसाचा तसा भरवसा गावाकडे नव्हता. मला त्यांचा फार अभिमान वाटतो.

कोकणातल्यांचं निराळं. तिकडे पाऊस धो धो, पण शेती डोंगरउतारावरची, तुकड्यातुकड्यांची. म्हणून माणसं गिरणीत राबायची आणि भातलावणीला गावी जायची.

कोळी मात्र या सगळ्यांच्या आधीपासूनचे. रविवारी आजीला वरळी कोळीवाड्यात न्यायला सांग. जून-जुलैत मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या दिसतील. घराघरात उन्हाळ्यात वाळवलेल्या बोंबलांची बेगमी असते. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहतात.

तिथून भाऊच्या धक्क्यालाही जा. वरळीला लाटा खडकांवर आदळत असतील (लांबूनच बघ), धक्क्यावर पाणी त्या मानाने शांत असेल. नैऋत्येचा वारा शहराच्या अंगावर येतो आणि पूर्वेचं बंदर त्याच्या आडोशाला राहतं. गलबतं पूर्वीपासून त्याच बाजूला लागायची ती म्हणूनच.

तुझा,
बाबा